पाचव्या वर्षीचा नफा

प्रोजेक्ट रिपोर्ट हा मराठी वाङ्मयातला एक उपेक्षित प्रकार आहे. त्याला समीक्षक नाही, पुरस्कार नाही, आणि वाचक एकच, तोही पगारी. सांगली-सातारा पट्ट्यातल्या एका बँकेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षं तो वाचक होतो. गायींचा गोठा, शेवयांचं यंत्र, बेदाण्याचं शेड, ब्यूटी पार्लर, पत्रावळीचा कारखाना, फॅब्रिकेशन असं काहीही असो, कथानक एकच. पहिल्या वर्षी क्षमतेच्या साठ टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी. पाचव्या वर्षी नायक कर्जमुक्त होऊन हसतमुखाने उभा. या पाच वर्षांत पाऊस लांबत नाही, बहिणीचं लग्न निघत नाही, गिऱ्हाईक उधारी बुडवत नाही, आणि लाईट कधीच जात नाही. खलनायक नसलेलं एवढं निर्मळ कथानक मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हे वाङ्मय बहुधा झेरॉक्सच्या दुकानात जन्माला येतं. आधीच्या कुणाच्या तरी रिपोर्टात नाव बदलायचं, गाव बदलायचं, धंदा बदलायचा. एका शेळीपालनाच्या प्रस्तावात मी वाचलं होतं, की शेळ्यांपासून मिळणाऱ्या अंड्यांना स्थानिक बाजारपेठेत चांगली मागणी आहे. मूळ रिपोर्ट कोंबड्यांचा होता; कंप्युटरने इमानेइतबारे जिथे कोंबडी दिसली तिथे शेळी घातली होती. तो प्रस्ताव मंजूर झाला. जामीनदार चांगले होते.

तेव्हा ‘बिझनेस प्लॅन कशाला लिहायचा?’ या प्रश्नाचं आमच्याकडचं सरळ उत्तर म्हणजे ‘बँक मागते म्हणून’. लग्नाचा बायोडाटा जसा मुलाकडचे आणि मुलीकडचे दोघेही पाहतात, पण दोघेही चौकशी मात्र गावातच जाऊन करतात, तसं या रिपोर्टाचं असतं. अधिकारी शेवटचं पान उघडतो, हप्ता भरायला पुरेसा नफा दाखवलाय ना ते पाहतो, आणि मग शिपायाला हळूच विचारतो, ‘हा कुणाचा रे?’

सरकारी योजनेतून प्रकरण आलं असेल, तर आणखी मौज. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाच्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान असतं आणि स्वतःचे १० टक्के घालायचे असतात. अर्जदाराच्या मनात ते २५ टक्के आलेलेच असतात; त्यातून कधी कधी मोटारसायकलही बुक झालेली असते. ते पैसे तीन वर्षं बँकेतच मुदत ठेवीत बसतात आणि धंदा चालू दिसला तरच कर्जात वळते होतात, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा काही उतरतो, की आपणच ती योजना रद्द केली असं वाटावं.

कधी कधी रिकाम्या दुपारी मी टेबलावर बसून एक खेळ खेळायचो. लक्ष्मणराव किर्लोस्कर माझ्यासमोर कर्ज मागायला आले असते, तर? म्हणजे अर्जदाराची माहिती अशी: मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडली, कारण हक्काची बढती दुसऱ्याला दिली. नंतर बेळगावात सायकलींचं दुकान. उत्पादन: लोखंडी नांगर. बाजारपेठेचा अंदाज: लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत. आजवरची विक्री: पहिला नांगर विकला जायलाच दोनेक वर्षं लागली. सध्याची जागा: बेळगावची नगरपालिका ती खाली करायला सांगते आहे. नियोजित जागा: औंध संस्थानातला ३२ एकरांचा माळ, निवडुंग आणि साप यांसह. पाणी: शोधावं लागेल. मनुष्यबळ: जे येतील ते, रात्रीच्या पहाऱ्याला तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवण्याचा विचार आहे.

या प्रस्तावावर मी काय शेरा मारला असता, हे सांगायला नको. तो शेरा मारायला औंधात तेव्हा मी नव्हतो, ही महाराष्ट्राची पुण्याई. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली, वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. म्हणजे आताच्या हिशेबाने कर्ज देणारा एका जिल्ह्यातला आणि घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला. ‘शाखेच्या कार्यक्षेत्राबाहेर’ या एका कारणावर आम्ही ते प्रकरण परत पाठवू शकलो असतो.

याचा अर्थ लक्ष्मणरावांकडे योजना नव्हती असा कुणी काढू नये. ज्या माणसाने नांगराचा फाळ कुठल्या मातीत किती झिजतो हे पाहिलं, शेतकरी का घेत नाही हे ऐकून घेतलं आणि तरी पुन्हा नांगरच बनवला, त्याच्याकडे योजना नव्हती तर कुणाकडे होती? औंधच्या राजाने कागद वाचला नाही, माणूस वाचला; पण त्या माणसाला वाचण्याजोगं काहीतरी होतं. पुढे १९२२ मध्ये सातारारोडला धनजीशा कूपर यांचाही कारखाना निघाला आणि तिथेही नांगर होऊ लागले. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पाचव्या वर्षीचा नफा आम्ही हौसेने लिहितो; पंधराव्या वर्षी पंतप्रधानपद असं लिहायची छाती कुठल्याच झेरॉक्सवाल्याची झाली नसती.

कागदाशिवाय धंदा उभा करण्यात आमच्या विटा, खानापूर, आटपाडीच्या लोकांचा हात धरणारा विरळा. दुष्काळाने घराबाहेर काढलेली ही माणसं सोन्याचांदीच्या गलाईचं काम घेऊन देशभरच्या सराफ कट्ट्यांत जाऊन बसली. केरळातल्या एखाद्या गल्लीत दुकानदार अस्सल मल्याळममध्ये गिऱ्हाइकाशी घासाघीस करतो आणि फोनवर म्हणतो, ‘आवो दाजी, पाऊस पडला का न्हाई तिकडं?’ यातल्या कुणी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला असेल असं वाटत नाही. पोरगं शाळेत रमेना की मामाबरोबर पाठवायचं. काही वर्षं भट्टीपाशी बसायचं, मूस कधी उचलायची ते शिकायचं, आणि सोनं हातात असताना नियत कशी राहते ते मामाने बघायचं. मग मामा, काका, मेव्हणा यांनी मिळून दुसऱ्या गावात दुकान थाटून द्यायचं. बाजारपेठेचा अभ्यास, प्रशिक्षण, भांडवल, तारण सगळं मामातच. फक्त ज्याला मामा नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न उरतो. बँका त्याच्यासाठी आहेत, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

आणि बँकच काढायची असेल तर? माण तालुक्यात म्हसवडला गावातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या चेतना सिन्हांकडे एक लोहारकाम करणारी बाई आली. पावसाआधी झोपडीवर प्लॅस्टिकचा कागद घालायला पैसे साठवायचे होते आणि कुठली बँक तिचं खातं उघडेना. मग बायकांनी स्वतःचीच सहकारी बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला; कारण प्रवर्तक म्हणून ज्यांची नावं होती त्यातल्या बऱ्याच जणींचे अंगठे होते. बाया खचल्या नाहीत. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की कुठल्याही रकमेचं व्याज तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मी हे प्रथम ऐकलं तेव्हा मला आनंदाबरोबर थोडा घामही फुटला. कॅल्क्युलेटर काढून घेतला तर माझ्या शाखेतले किती जण टिकले असते?

त्या बायांचं मला फार पटतं, कारण त्यांची योजना हिशेबात होती आणि हिशेब डोक्यात होता. आमच्या अर्जदारांचं उलटं. हिशेब कागदावर, आणि डोक्यात फक्त दुकानाचा बोर्ड.

निवृत्तीनंतर मला फुकट सल्ला देण्याचा नाद लागला. आमच्या सांगलीतल्या गल्लीतला एक पदवीधर मुलगा मागे रिपोर्टाची फाईल घेऊन आला. लाकडी घाण्याचं तेल काढणार. पहिल्या पानावर घाण्याचा रंगीत फोटो, दुसऱ्यावर आरोग्याविषयी निबंध.

‘काका, मंथली पाचशे लिटरचा सेल धरलाय. कन्झर्व्हेटिव्ह आहे.’

‘घेणार कोण?’

‘हेल्थ कॉन्शस लोकं.’

‘त्यातल्या वीस जणांची नावं लिही.’

त्याने पेन घेतलं आणि आठ नावं लिहिली. त्यातली तीन नातलगांची, म्हणजे उधारीची. मग आम्ही त्याच्या घरी भाव काढायला बसलो. शेंगदाणे धरू १२० रुपये किलो. दहा किलोचा घाणा, १२०० रुपये. तेल निघालं चार किलो. पेंड साडेपाच किलो, चाळीसने गेली तर २२० रुपये परत. म्हणजे चार किलो तेलाला ९८० रुपये, किलोला २४५. यात लाईटबिल नाही, बाटली नाही, भाडं नाही, घाण्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा पगार नाही, आणि बँकेचा हप्ताही नाही. मुलगा बराच वेळ त्या २४५ कडे बघत होता. रिपोर्टात हाच आकडा विक्रीची किंमत म्हणून छापलेला होता.

चहा घेऊन त्याची आई आली. माउलीने कुठलाही कोर्स केलेला नाही. कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘भाऊजी, पण पेंड ठेवायची कुठं? पावसाळ्यात बुरशी लागते तिला.’ आम्ही दोघांनी पेंडीचे २२० रुपये अगदी विश्वासाने जमा धरले होते. मग तिनेच सांगितलं, की तिच्या माहेरी दोन गोठे आहेत, ते आठवड्याला उचलतील. पैसे मात्र दुधाच्या बिलावर देतील. पुढे विचारलं, ‘आणि शेंगा कधी घेणार तुम्ही?’ इथे तर रिपोर्टच कोसळला. खरिपाच्या शेंगा दिवाळीच्या आगेमागे येतात. तेव्हाच भरून ठेवल्या तर भाव बरा. म्हणजे माल भरायला रोख पाहिजे ती दिवाळीत, आणि तेल विकून पैसे यायचे ते वर्षभर, चिमूट चिमूट. पोराने सगळं कर्ज यंत्रावर आणि शेडवर लावलं होतं. खेळत्या भांडवलाच्या रकान्यात एक महिन्याचा खर्च टाकला होता, तोही बहुधा आधीच्या शेवयांच्या रिपोर्टातला. अशाने घाणा येतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि घाण्यात घालायला शेंगदाणे नसतात. मी पाहिलेले बंद पडलेले बरेच धंदे तोट्याने नाही, रोख संपल्याने बंद पडले. कागदावर ते तेव्हाही नफ्यातच होते.

‘आणि पाणी आलं तर?’ मी विचारलं. हा प्रश्न सांगलीत विचारावाच लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पेवांत हळद साठवून भाव येईपर्यंत थांबायचं, ही आमच्याकडची जुनी आणि मुरलेली योजना. २००५ च्या पुराने हरिपूरची पेवं भरली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणाही ओला झाला. आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला अमुक फुटाला खालचा खण रिकामा करायचा, तमुक फुटाला माल माळ्यावर आणि त्यापुढे टेंपो मिरजेकडे, हे तोंडपाठ असतं. बिझनेस प्लॅन म्हणतात तो खरं म्हणजे हाच. तो एकाही प्रोजेक्ट रिपोर्टात मी वाचलेला नाही, कारण झेरॉक्सचा मूळ रिपोर्ट जिथून आला तिथे बहुधा नदी नसावी.

मुलाने सगळं पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी वहीत. विक्री नावानिशी, नावापुढे महिन्याला किती किलो, त्यापुढे रोख की उधार. यंत्र लहान केलं, शेडऐवजी घरचीच पडवी, उरलेले पैसे शेंगांना. पाचशे लिटरचे साठ किलो झाले. पहिल्या वर्षी नफा शून्याच्या आसपास आला तेव्हा त्याला रडू यायचं बाकी होतं. मला मात्र तो पहिल्यांदा धंदेवाईक वाटला.

बँकेने वही पाहिली नाही. साहेब म्हणाले, प्रस्ताव चांगला आहे, फक्त पहिल्या वर्षी साठ टक्के, दुसऱ्या सत्तर असं नमुन्यात बसवून आणा. त्याने बसवून नेलं. कर्ज मिळालं. नमुना बँकेत आहे, वही घाण्यापाशी. परवा तेल आणायला गेलो तर उघडीच होती. पेंडीचा रकाना व्यवस्थित, शेंगांचा त्याहून व्यवस्थित. उधारीच्या पानावर कोपऱ्यावरच्या वहिनींच्या नावे दोन किलो, आणि पुढे त्याच्या आईच्या अक्षरात शेरा: ‘दिवाळीनंतर देते म्हणाल्या.’ कुठल्या दिवाळीनंतर, ते तिने विचारलेलं दिसत नाही. मी माझे पैसे रोख दिले आणि पावती मागितली. पोरगं म्हणालं, ‘काका, पावतीपुस्तक प्लॅनमध्ये धरायचं राहिलं की.’