भरल्या पानावरून उठलेल्या काकांस

ती. काका,

पत्र उघडंच लिहितोय, कारण बंद पाकिटातलं तुम्ही वाचत नाही आणि माझा फोन उचलत नाही. शिवाय आपलं भांडण अप्पा बळवंत चौकापर्यंत पोचलेलंच आहे. आता लपवायचं कोणापासून?

प्रथम आभार. मतदान गुप्त असतं हे आमच्या मुलांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळलं; आपल्या घरात ते नसतं, हे तुमच्याकडून. बारशाला पाळण्याची दोरी धरून तुम्ही नेहरूंच्या चुका मोजल्यात. साखरपुड्यात होणाऱ्या व्याह्यांना, पाणी देण्याआधी, मत कोणाला देता ते विचारलंत. सोडून दिलं. वडीलधारे आहात.

गौरीजेवणाचं मात्र सोडणार नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजार मतांनी निवडून आले. 'हू इज धंगेकर' हे चंद्रकांतदादा पाटलांचं वाक्य तुम्ही पेठेत मिरवलं होतंत. निकालादिवशी मी ते फक्त परत केलं, तर दिवाळीपर्यंत अबोला! २०२४ ला तुमच्या भाजपचे मुरलीधर मोहोळ त्याच धंगेकरांना सुमारे सव्वा लाख मतांनी मागे टाकून खासदार झाले, तेव्हा तुम्ही माझ्या दारात पेढे पाठवलेत. नोव्हेंबरात कसब्यात तुमचेच हेमंत रासने जिंकले, पुन्हा पेढे. खाल्ले मी. मग मार्च २०२५ मध्ये धंगेकर काँग्रेस सोडून शिंदेंच्या शिवसेनेत, म्हणजे तुमच्या महायुतीत दाखल झाले. सप्टेंबरात आत्याकडच्या गौरीजेवणाच्या पंगतीत मी एवढंच विचारलं, "काका, आता धंगेकर आपलेच ना?" आणि तुम्ही पान सोडून उठलात.

अहो, आत्या पंचाहत्तरीची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तुम्हाला मिक्सरमधलं पुरण चालत नाही म्हणून पहाटेपासून पाट्यावर वाटत होती. सोळा भाज्या एकटीनं चिरल्या. ती तुपाची वाटी घेऊन तुमच्या पानापाशी उभी, आणि तुम्ही दारात चपला शोधताय! त्या दिवशी ती जेवली नाही. कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात बसतं हे? हा निव्वळ माज आहे, काका. तुमचं वय झालं म्हणून मी त्याला तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही.

वर जिन्यातून ऐकवलंत, "पवारांसारखं फुटलं घर तरी चालेल!" १९६० च्या बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत वसंतराव पवार शेकापकडून उभे होते आणि सख्खा धाकटा भाऊ शरद काँग्रेसचा प्रचार करत गावोगाव हिंडत होता. तेव्हा ते घर फुटलं नाही. २०२४ च्या दिवाळीत त्याच घराचे दोन पाडवे झाले, एक गोविंदबागेत, एक काटेवाडीत. तुम्हाला नेमकं दुसरंच उदाहरण आठवावं?

आपल्याच घरातलं आठवायचं होतंत. आणीबाणीत विशीचे तुम्ही येरवड्यात, सरसंघचालक बाळासाहेब देवरसही तिथेच. आजोबा खादीतले, इंदिराबाईंना मत देणारे. भेटीच्या दिवशी तेच डबा घेऊन तुरुंगाच्या दारात रांगेत उभे राहायचे. बापलेक काय बोलत, कोणाला ठाऊक नाही. डबा रिकामा परत यायचा, असं आत्या सांगते. डबा तीच भरायची.

बाहेर आल्यावर तुम्ही जन्मभर बूथवर मतदारयाद्या तपासत बसलात. तुम्हाला साधी नगरसेवकाची उमेदवारीही मिळाली नाही. गुलाल नेहमी दुसऱ्याच्या अंगावर. ज्याच्याविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडलात, तो माणूस एका सकाळी मित्रपक्षात येऊन बसला आणि तुम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. पंगतीतला राग माझ्यावरचा नव्हता, एवढं कळतं मला. पण तो पक्षाच्या कार्यालयात जाऊन काढायचा होता. तिथे तुमची हिंमत होत नाही.

आत्याला फोन करा. आजच. माझ्याशी अबोला ठेवायचा तर पुढच्या निवडणुकीपर्यंत खुशाल ठेवा. उमेदवारांनी कितीही पक्ष बदलले तरी मी माझं मत बदलणार नाही.

आपला पुतण्या,
कसबा पेठ, पुणे