सहा फुटी पाहुणा

घराची मापं माणसाच्या शरीरावरून ठरवावीत, असं ल कॉर्बुझिएचं मत. चंदीगडची आखणी करणाऱ्या या थोर वास्तुरचनाकारानं त्यासाठी ‘मोड्युलोर’ नावाची मापपद्धतीच तयार केली. आता माणूस कोणता घ्यायचा? आधी १.७५ मीटर उंचीचा पुरुष घेतला. मग तो वाढवून १.८३ मीटर, म्हणजे सहा फुटांचा केला. कारण इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फुटी असतात! माप घ्यायला एखादी बाई त्याला कुठल्याच कादंबरीत सापडली नसावी.

माझी उंची चार फूट अकरा इंच. आमच्या बिल्डरनं चंदीगड पाहिलंय की नाही, देव जाणे. पण तो सहा फुटी पोलीस आमच्या स्वयंपाकघरात नक्की येऊन गेलाय. वरची कपाटं त्याच्याच हाताला येतात. तिथल्या पुरणयंत्राची आणि माझी भेट वर्षातून एकदा, होळीला, स्टुलावर चढून होते. कणीक मळताना माझे खांदे कानांना लागतात. प्लग दोनच: एक फ्रिजनं अडवलेला, दुसरा सिंकच्या डोक्यावर. हॉलमध्ये मात्र टीव्हीभोवती सहा! ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचं दार उघडायचं, तर भांडी घासणाऱ्या मावशींना आधी उठून बाहेर यावं लागतं. आमचे ‘हे’ चांगले उंच आहेत. त्यांना या स्वयंपाकघरात कधीच काही गैरसोय जाणवलेली नाही. पाणी प्यायला येतात तेव्हा.

ज्यांना स्वयंपाक येत नाही त्यांना ओटा काय कळणार, असं म्हणून मी सगळ्या आर्किटेक्टांना माफही केलं असतं. पण १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या बाईनं ‘फ्रँकफर्ट किचन’ आखलं आणि माझी पंचाईत केली. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरावरून तिनं धडे घेतले. बसून काम करायला स्टूल दिलं. पिठाचे कप्पे ओकच्या लाकडाचे केले, का तर किडे होऊ नयेत! अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. आणि ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं तिनंच सांगून ठेवलंय. म्हणजे फोडणी यावीच लागते असं नाही. ती कोण देतं आणि कुठे उभं राहून देतं, एवढी चौकशी केली तरी भागतं.

सार्वजनिक स्वच्छतागृहात मात्र चौकशीऐवजी समानता असते. नकाशात भिंत अगदी मधोमध: निम्मी जागा पुरुषांना, निम्मी आम्हांला. तेवढ्याच जागेत त्यांच्याकडे मुताऱ्यांची लांबलचक ओळ बसते, आमच्याकडे दारं लावलेले तीन खण. त्यात साडी, पाळी, कडेवरचं मूल. मग बाहेरची रांग पाहून हेच म्हणणार, ‘बायकांना वेळ फार लागतो बुवा!’ मुंबईत तर पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, असा व्यवहार सर्रास चाले. एका शरीरधर्माची दोन दरपत्रकं! त्याविरुद्ध स्त्रियांना २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम काढावी लागली.

मागे एका हायवेवरच्या स्वच्छतागृहात दाताखाली पर्स, एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातानं कडी नसलेलं दार धरून मी जेमतेम निभावलं. बाहेर येऊन राखणदाराला म्हटलं, “दादा, निदान एक खुंटी तरी लावा.”

“लावली होती की, ताई,” तो म्हणाला. “पण बायका पर्स अडकवून निवांत बसायला लागल्या. मग काढून टाकली.”