कुंपणापलीकडचा कढीपत्ता

"अगं, आहेस का?" कुंपणाच्या फळीवर आधी कढीपत्त्याची जुडी दिसली, मागोमाग काकू. क्युपर्टिनोतल्या आमच्या गल्लीत बातमी अशीच येते, फोडणीच्या सामानासकट.

"कोपऱ्यावरच्यांच्या मुलाला डेव्हिसला मिळाली की गं अ‍ॅडमिशन! इंजिनिअरिंगला. दोन वर्षं आपल्या डी अ‍ॅन्झा कम्युनिटी कॉलेजात काढली, आता थेट तिसऱ्या वर्षाला. आणि आई गणपतीत काय सांगत होती? 'सध्या ब्रेक घेतोय तो'!"

"लाज वाटली असेल, काकू. इथं जो तो बर्कलीच्या गोष्टी करतो."

"कसली लाज? इथल्या मुलांना युनिटला 31 डॉलर फी. तिसऱ्या वर्षाला जायला 90 युनिटं लागतात. कर हिशेब, तीन हजारांच्या आत दोन वर्षं!"

"मग सगळेच का नाही जात?"

"कारण ते लाडू नव्हेत, कुठलेही 90 मोजले नि डबा भरला असे. माझ्या भाच्याचं काय झालं? युनिटं भरली, मार्क झकास. पण फिजिक्स घेऊन बसला 2ए. इंजिनिअरिंगला हवं 4ए, कॅल्क्युलसवालं. मग 4बी, मग 4सी, एकापाठोपाठ एक. मधूनच उडी नाही मारता येत. गेलं ना वर्ष!"

"पण पोरांना आधी कळायचं कसं?"

"'असिस्ट' नावाची साइट आहे की. इकडे आपलं कॉलेज, तिकडे युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडायचं. इथला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात, समोरासमोर मांडलेलं असतं. कोपऱ्यावरच्यानं पहिल्याच आठवड्यात ती यादी छापून फ्रीजवर लावली. गणित पहिल्या टर्मपासून, एकही टर्म न चुकवता. इंग्रजी-इतिहास उरलेल्या जागेत."

"आणि ते टॅग का काय म्हणतात?"

"अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, सहाच कॅम्पस ती देतात, त्यातला एकच निवडायचा. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. सगळ्या मेजरांनाही ही हमी नसते, ते आधी बघायचं. फॉर्म सप्टेंबरातच. पितृपक्ष, नवरात्र म्हणत बसलीस तर गेला महिना!"

"मी कशाला बसू? आमचा तर सध्या..."

"ब्रेक घेतोय?" काकूंनी जुडी माझ्या हातात दिली. "रोज सकाळी डी अ‍ॅन्झाला चालायला जाते मी. तुमची निळी गाडी दिसते पार्किंगमध्ये."

मी कढीपत्त्याची पानं उगाचच खुडत राहिले.

"या टर्मला काय घेतलंय त्यानं?"

"फोटोग्राफी," मी म्हटलं. "आणि गिटार."

"आणि गणित?"

मी आत वळून हाक मारली.