सगळ्यांनी एकदम बोला

२००३च्या पावसाळ्यात रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये घेऊन मोबाइल दिले. आमच्याकडे आलेल्या फोनात सिमकार्डच नव्हतं, आणि शेजारी मागचं झाकण उघडून उघडून खात्री करत होते. तंत्राचं नाव सीडीएमए. इथे कोणाला वेगळी फ्रीक्वेन्सी नाही की बोलायची पाळी नाही. सगळ्यांनी एकाच पट्ट्यात, एकदम बोलायचं; फक्त ज्याने त्याने आपापला कोड लावायचा. शेजारी म्हणाले, "गोंधळ होईल हो."

हे आदिलाबादच्या माणसाने म्हणावं! कापसाच्या हंगामात आमच्या मार्केट यार्डात उभे राहा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, माल घेत नाही, म्हणून यार्डभर वाद एकच: ओल किती? बेल्याकडचा शेतकरी मराठीत तावातावाने बोलतो, दलाल तेलुगूत, हमाल दखनीत, उटनूरकडून आलेले गोंड गोंडीत. तरी ज्याचं त्याला बरोबर ऐकू जातं.

हवेतही तेच होतं, फक्त तिथे भाषेच्या जागी आकडे. समजा माझा कोड (+१, +१) आणि तुमचा (+१, −१). मला 'हो' म्हणायचंय, मी कोड तसाच पाठवतो. तुम्हाला 'नाही' म्हणायचंय, तुम्ही उलटा पाठवता: (−१, +१). हवेत दोन्ही मिसळून उरतं (०, २). या खिचडीला माझ्या कोडाने गुणून बेरीज करा, +२ येतात: हो. तुमच्या कोडाने करा, −२: नाही. कोणी कोणाच्या पायात आलं नाही. असे कोड बनवण्याचं गणित जोसेफ वॉल्श यांनी १९२३ मध्येच मांडलं होतं. पहिल्या पिढीच्या सीडीएमए टॉवरकडे असे ६४ कोड असत.

बिघडतं ते आवाजामुळे. फोनकडून टॉवरकडे जाताना कोड इतके काटेकोर राहत नाहीत. टॉवरजवळचा जोरात बोलला की लांबचा बुडालाच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा बजावायचा: हळू, अजून हळू, आता जरा चढव. आमच्या किनवटच्या आत्याला अशी सोय नाही. आतोबांच्या कोपरखळ्यांचा वेग फारच कमी पडतो.

शिवाय आत्याचा ठाम समज, की महाराष्ट्राची सीमा ओलांडली की मराठी ही गुप्त भाषा होते. किनवट स्वतःच १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हे ती मनावर घेत नाही. साडीच्या दुकानात ती मला 'कुजबुजली', "हजाराच्या वर देऊ नको, लबाड दिसतो मेला." गल्ल्यावरचे गृहस्थ तेलुगूतला फोन बाजूला ठेवून म्हणाले, "आत्याबाई, लबाड असतो तं पंधराशे सांगितले नसते का?"

कोड आवाज वेगळे करतो, लपवत नाही. जीपीएसचंच पाहा ना. उपग्रह सगळे एकाच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात, प्रत्येकाचा नागरी कोड १०२३ अंकांचा आणि जगजाहीर. म्हणून तर तुमच्या फोनातला नकाशा चालतो. गुपित हवं तर कुलूप निराळं लावावं लागतं.

तेव्हा सीमेपलीकडच्या पाहुण्यांना विनंती: दुकानदाराविषयी जे बोलायचं ते घरी गेल्यावर बोला. रिक्षात नको. रिक्षावाल्यालाही मराठी येतं.