नावामागच्या सहा रिकाम्या जागा

प्रति,
श्री. एलटीओ-४ टेप ड्राइव्ह,
रॅक क्रमांक ३, सर्व्हर रूम.

विषय : आपल्या नावातील सहा रिकाम्या जागांबाबत.

महोदय,

आपण थर्माकोलातून बाहेर आलात तेव्हा आम्ही नारळ फोडला होता, हे प्रथम नमूद करतो. आपली एक टेप ८०० जीबीची, वेग सेकंदाला १२० एमबी. आधीचा ड्राइव्ह दुसऱ्या पिढीचा, २०० जीबीत समाधान मानणारा. तेव्हा केबल जोडली की बॅकअप सुरू, असा आमचा भाबडा समज.

आमच्या सर्व्हरवरच्या सोलारिस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने मात्र आपल्याला ओळखच दिली नाही. स्टेटस विचारला, तर विक्रेता अमुक, उत्पादन तमुक, एवढेच उत्तर. पाहुण्याला ओटीवर बसवून ‘कोण गाव?’ विचारावे तसे. घरात घ्यायचे, तर एसटी.कॉन्फ या फायलीत आपली नोंद हवी. (ही एसटी म्हणजे लाल डबा नव्हे, स्कझी टेप. थांबे इथेही बरेच.)

सातबारावर नाव चढवणे त्यापेक्षा सोपे असावे. कंपनीच्या नावाला तिथे मोजून आठ अक्षरांची जागा आणि आपल्या कंपनीचे नाव दोन अक्षरांचे. म्हणून त्यामागे सहा स्पेस आणि मग मॉडेल. मी पाच दिल्या. सर्व्हरने तक्रार केली नाही, लाल दिवा लावला नाही. तो फक्त आपल्याला परका मानत राहिला. व्हीआय या एडिटरच्या पडद्यावर पाच काय नि सहा काय, पोकळी सारखीच दिसते. शेवटी पडद्याला पेन्सिलीचे टोक लावून मोजल्या. तोवर दोन रीबूट झाले होते.

मग घनतेचा सांकेतिक क्रमांक. आपल्या घराण्यात पहिल्या पिढीचा ४०, दुसरीचा ४२, तिसरीचा ४४, आपला ४६. कोणाही शहाण्याला वाटेल, पाचवीचा ४८. तो आहे ५८! बारशाला कोण बसले होते, कळत नाही. आपली घराणेशाहीही वाखाणण्याजोगी : वडिलांच्या टेपवर लिहिता, आजोबांची नुसती वाचता, पणजोबांची समोर धरली तर तोंड फिरवता. आमच्या कपाटातले ऐवज मात्र पणजोबांच्याच काळातले.

पण आपल्या आज्ञाधारकपणाला तोड नाही. डिव्हाइसच्या नावाच्या शेवटी ‘एन’ असेल, तर काम संपल्यावर टेप आहे तिथेच थांबते. नसेल, तर गुंडाळून पुन्हा आरंभाला जाते. एका शुक्रवारी माझ्या स्क्रिप्टमधून तो ‘एन’ राहिला. पहिली डिस्क उतरली, आपण टेप गुंडाळलीत. दुसरी पहिलीच्या उरावर, तिसरी दुसरीच्या. सोमवारी अहवालात तिन्ही कामे यशस्वी! खोटे कोणीच बोलले नव्हते. पुढे हिशेबाची एक फाइल परत हवी झाली, ती पहिल्या डिस्कवरची. टेपवर फक्त तिसरी होती. साहेबांनी विचारले, ‘‘एका अक्षराने?’’ मी म्हटले, ‘‘हो साहेब.’’ आपण त्या वेळी हिरवा दिवा लावून बसला होतात.

वेगाबद्दलही आपली माफी मागायची आहे. आमची नेटवर्कची तार १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला जेमतेम १०-११ एमबी. आपल्यासारख्याला हा उपासच. डेटा संपला की आपण थांबता, थोडे मागे जाता, पुन्हा धावता. या घासाघाशीला आमच्या धंद्यात बूट पॉलिश म्हणतात. रात्रभर तो आवाज ऐकतो, तेव्हा आपल्यापेक्षा टेपची दया येते.

ऐकतो की २०२१ साली आलेल्या आपल्या नवव्या पिढीच्या ड्राइव्हला कोऱ्या टेपशी पहिली ओळख करून घ्यायलाच दोन तासांपर्यंत लागू शकतात आणि तेवढ्यात बॅकअपचे सॉफ्टवेअर त्याला मेलेला समजू शकते. तो आमच्याकडे येणार असेल, तर आधी कळवावे. टाइमआउट वाढवून ठेवतो.

आपला,
रात्रपाळीचा ॲडमिन
(नावामागे एकही रिकामी जागा नाही.)

ता. क. : ‘एन’ घातला आहे. दोनदा पाहिला.