पंचेचाळीस गुणांचा माणूस

निवृत्तीला पंचेचाळीस गुण असतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. आधी कळतं तर तयारीनं उतरलो असतो.

टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ उलथापालथींची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदार गेला तर पुरे १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, नोकरीवरून काढलं तर ४७, निवृत्ती ४५. म्हणजे साहेबानं हाकलून दिलं काय किंवा शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावलं काय, फरक दोनच गुणांचा! वर्षभराची बेरीज तीनशेच्या पुढं गेली की आजारपण दाराशी आलं समजायचं.

ही यादी मला आमच्या ऑनलाइन समुपदेशक बाईंनी मोबाईलवर पाठवली. बाई कसल्या, माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी मुलगी. मला झोप लागत नाही, हे आमच्या सौभाग्यवतींनी परस्पर पुण्याला कळवलं आणि चिरंजिवांनी परस्पर पैसे भरले. मी जिल्हा परिषदेच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक. दहावीचा निकाल लागला की रडणारी पोरं आणि त्यांच्याहून जास्त रडणारे बाप माझ्याच ओट्यावर यायचे. मला समुपदेशन म्हणजे आमच्या देवळातल्या परमेश्वरालाच नवस बोलायला लावण्यासारखं होतं.

तरी इस्त्रीचा शर्ट घातला. पाठीमागं आदर्श शिक्षक पुरस्काराची फ्रेम दिसेल असा मोबाईल टेकवला. ही म्हणाली, "अहो, झोपेचं सांगायचंय का सत्कार करून घ्यायचाय?" मी दुर्लक्ष केलं. कॅमेरा चालू झाला आणि मी शाळेच्या पत्र्यापासून संगणक कक्षापर्यंतचा इतिहास मुद्देसूद सांगितला. पलीकडून फक्त "हं" येत होतं. वेळ संपत आली तेव्हा मुलगी म्हणाली, "छान सांगितलंत, काका. आता झोपेचं सांगता?"

काका! या गावात कुत्रंसुद्धा मला सर समजून बाजूला होतं.

मग यादी आली आणि माझ्यातला परीक्षार्थी जागा झाला. निवृत्ती ४५. मुलानं घर सोडणं २९, झाले ७४. झोपेत बदल १६, जेवणात बदल १५. एकशे पाच! शाळेत याला पहिला वर्ग म्हणत नाहीत. यादीत नाताळाचे १२ होते. आमच्याकडं महाशिवरात्रीला परमेश्वराची जत्रा भरते, तिचा ताण नाताळाहून कमी नाही, म्हणून ते घेतले. सासुरवाडीशी कटकट २९. इथं हिनं हरकत घेतली, पण हरकत हीच कटकट असा निकाल देऊन मी ते गुण पदरात पाडले. किरकोळ कायदाभंगाचे ११ उरले होते. फाट्यापर्यंत विनाहेल्मेट जातोच. एकूण १५७. जन्मभर दुसऱ्यांना ग्रेस गुण द्यायला का-कू करणारा माणूस स्वतःला किती सढळ हातानं देतो!

इथं थोडं एका शहजाद्याबद्दल सांगायला हवं. नाही सांगितलं तरी चालेल, पण मला राहवत नाही. समुपदेशनाच्या ॲपवर आमच्या गावाचा पत्ता टाकताना 'हिमायतनगर' लिहिलं की ते थेट हैदराबादेत जाऊन बसायचं. तिथंही हिमायतनगर आहे, चकचकीत दुकानांचं. माझी पहिली भेट त्यामुळं तेलुगू बोलणाऱ्या गृहस्थांशी ठरली होती. त्यांनी माझा आणि मी त्यांचा ताण वाढवून फोन ठेवला. ते हिमायतनगर आणि तिथला हिमायतसागर तलाव शेवटच्या निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खानाच्या नावाचे. आमचं गाव मूळचं वाढोणा, त्यालाही हे नाव निजामाच्याच राज्यात चिकटलं.

तर हा हिमायत अली, किताब आझम जाह. बाप जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ साली 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकलेला. मुलाचं लग्न १९३१ साली फ्रान्समध्ये नीसला, शेवटच्या तुर्की खलिफाच्या मुलीशी. एवढं सगळं असून बापानं वारस नेमला तो नातू, मुकर्रम जाह. थोरला मुलगा जिवंत आणि वारसा त्याला ओलांडून पुढं! निजाम वारला तोही १९६७ सालीच, म्हणजे इकडं होम्स-राहे यादी छापत होते तेव्हा. मी वहीत शहजाद्याचे गुण मांडले. जवळच्या नातलगाचा मृत्यू ६३, आर्थिक परिस्थितीत बदल ३८. पण घरातल्यांनी डावललं, याला यादीत गुणच नाहीत. ४३ घटनांमध्ये कुठंच नाहीत! हा अन्याय मी पुढच्या भेटीत मुलीला तावातावानं सांगितला. तलाव नावावर, वस्ती नावावर, आणि घरात विचारतंय कोण?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शहजाद्याचं कळलं, काका. तुम्हाला घरात शेवटचं कधी विचारलं होतं?"

त्या दिवशी नेमकं नेटवर्क उत्तम होतं.

पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला, ते मला वास्तुशांतीची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली तेव्हा कळलं. फोन तो नेमानं करतो. "बाबा, सेशन झालं का?" झालं म्हटलं की "बरं, ठेवतो." माझ्याशी बोलायला माणूस लावून दिलाय आणि महिन्याच्या महिन्याला त्याचे पैसे भरतो. आता यात वाईट काय, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. पण वाईट वाटतं.

हे मी गच्चीवरून बोलत होतो, कारण आमच्या घरात खाजगी बोलायला तेवढीच जागा. शेजारच्या गच्चीवर हळद वाळत घातलेली. ती उलथायला आलेला माझा जुना विद्यार्थी कठड्याशी कधीचा उभा होता, मला पत्ता नाही. फोन ठेवला तसा म्हणाला, "सर, तिथं कापसाचं बी बोलता येतंय का?"

मी त्याला १४४१६ सांगितला. सरकारी टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची सोय, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्री सुद्धा.

"फुकट हाय म्हणल्यावर नीट ऐकतेत का?"

"ऐकतात रे."

"तुमी लावून द्या ना, सर. पहिलं काय बोलावं तेच समजंना."

हळदीनं पिवळे झालेले हात त्यानं पँटीला पुसले आणि कठड्यावरून माझा फोन घेतला. माझ्याकडं त्याला सांगायला कर्ज, पीकविमा, धीर या सर्व विषयांवर तयार भाषण होतं. ते गिळून मी जिना उतरलो. मधल्या पायरीवर थांबून ऐकायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण खाली हिनं मिक्सर लावला होता. बऱ्याच वेळानं फोन परत आला तो गरम झालेला आणि पिवळा. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही आणि, नवल म्हणजे, मी विचारलं नाही.

सध्या मला गृहपाठ आहे. रोज मनात आलेलं लिहायचं. मी लिहितो, खाली लाल पेनानं 'ठीक' असा शेरा मारून सही करतो. मुलीनं भेटीचा गोषवारा पाठवला, त्यात 'मानसीक' असं लिहिलेलं होतं. मी तिथं लाल गोल करून फोटो परत पाठवला.

लगेच उत्तर आलं: "दुरुस्त केलं, सर. आता आजचा गृहपाठ पाठवा. आणि मुलाला फोन तुम्ही करणार होतात, तो केलात का?"

मी पुन्हा वाचून पाहिलं. या वेळी शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.