ब्लॅक बुकवाले काका

मुंबईत कॉलेज कुठलंही असो, त्याच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान असतं आणि त्या दुकानात एक काका असतात. शिक्षण दहावीपर्यंत. पण मार्च महिन्यात त्यांच्या डोळ्यांखालून जितकं संशोधन जातं, तितकं अख्ख्या स्टाफरूमच्याही जात नसेल. तिसऱ्या वर्षाच्या सक्तीच्या प्रोजेक्टला इथली पोरं 'ब्लॅक बुक' म्हणतात, कारण विषय काहीही असला तरी पुठ्ठा काळा आणि अक्षरं सोनेरी. गाईड सर सर्टिफिकेटच्या पानावर सही ठोकतात, एक्स्टर्नल जाडी बघतात. पानं उलटतात ते फक्त काका. खरं तर उलटसुलट लागलेली पानं शोधायला उलटतात, पण नजर पडली की वाचलं जातंच.

"सॅम्पल साइझ किती रे तुझी?"

"पन्नास, काका."

"आणि 'हो' म्हणणारे 33.33 टक्के. म्हणजे साडेसोळा माणसं आणि वर थोडा चुरा. बाइंडिंगच्या आधी गोळा करून आण."

विषय 'ज्येष्ठ नागरिकांच्या गुंतवणुकीच्या सवयी' असतो आणि गुगल फॉर्म फिरलेला असतो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकाने सीनियरच्या प्रोजेक्टमध्ये 'पुणे'च्या जागी सगळीकडे 'ठाणे' करून टाकलं. काकांनी विचारलं, "बाळा, मुळा-मुठा ठाण्यातून कधीपासून वाहायला लागली?" तेव्हापासून नद्या, पूल आणि महापौर एवढं काका न सांगता तपासतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

नियमही त्यांना पाठ. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. काकांचं म्हणणं, पोरांनी हे उलटं वाचलं. त्यांना वाटतं, 10 टक्के स्वतःचं असलं की पुरे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला चौथं वर्ष आलं, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला तिथे संशोधनाची वाट खुली झाली आणि तिथल्या संशोधन प्रोजेक्टला 12 क्रेडिट ठरली. हे कळल्यावर काकांनी आधी जाड पुठ्ठ्याची चौकशी केली. धंदा आहे शेवटी.

यातून पोरांना मिळतं काय, असं विचारलं तर काका बहुतेकांच्या बाबतीत "दोनशे रुपयांचं बिल" म्हणतील. पण बी.कॉम.च्या एका मुलीचा विषय निघाला की गोंद लावता लावता ब्रश हातातच राहतो. तिने कोळणींच्या कर्जावर प्रोजेक्ट घेतला. गृहीतक असं, की बायकांची बँकेत खाती नाहीत, म्हणून त्या सावकाराकडे जातात. प्रश्नावली घेऊन पहिल्या लोकलने चर्चगेट गाठलं आणि पहाटे ससून डॉकला गेली. 'आपले मासिक उत्पन्न किती?' ऐकून पहिल्याच मावशीने पाटी उचलली आणि हिला बाजूला सारलं. दोन-चार दिवस असेच गेल्यावर पोरीने फॉर्म पिशवीत टाकला आणि नुसतं विचारलं, "मावशी, आज बर्फाला किती गेले?" मग मावशी बोलायचं थांबेचना. बर्फ, टेम्पो, बसायची जागा, राहिलेला माल, सगळा हिशेब तोंडपाठ. खातंही होतं, पासबुक दाखवलं. पण मासळीचा लिलाव पहाटे आणि बँक उघडणार दहाला. हातात रोकडा हवा तो त्याआधी.

गृहीतक आडवं झालं. पोरगी रडवेली होऊन दुकानात आली. सबमिशन उद्यावर आणि तिला आकडे फिरवून प्रकरण जुळवायचं होतं. मैत्रिणींनीही तेच सुचवलेलं.

"ते पान बदलायचं नाही," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत एवढं एकच पान बघितलंय, जे लिहिणाऱ्याला आधी माहीत नव्हतं."

पान राहिलं. व्हायवाला एक्स्टर्नलनी जाडी बघायचं सोडून बर्फाचा भाव विचारला म्हणे, आणि वीस मिनिटं उठू दिलं नाही. तिची एक कॉपी काकांनी 'प्रिंट खराब आली' म्हणून ठेवून घेतलीय. काउंटरखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून. प्रिंट अगदी स्वच्छ आहे, मी पाहिलीय.

परवा एक मुलगा आला. त्याला कोणीतरी त्या प्रोजेक्टचं सांगितलं होतं.

"काका, ते कोळणींचं पीडीएफ आहे ना तुमच्याकडे? नाव बदलून द्याल?"

काकांनी त्याला चर्चगेटकडे जाणाऱ्या पहिल्या लोकलची वेळ सांगितली.